दोरू नदीवरची दोघांची केबिन

बक्षिसाच्या पत्रावर ‘दोघांसाठी’ असं ठळक छापलेलं होतं. पोर्तुगालमधली दोरू नदी, दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे आणि त्यांच्या मधून आठवडाभर संथ चालणारी पांढरी बोट. दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामवाल्या कंपनीने वर्षातला सर्वोत्तम सुपरवायझर म्हणून ज्यांना ही सफर दिली, ते रत्नागिरीकडचे एक मुसलमान गृहस्थ होते. पन्नाशीला टेकलेले, नमाज न चुकवणारे, दारूच्या बाटलीला कधी हात न लावलेले. त्यांना वाइनच्या मुलखातली सफर देताना कंपनीत कुणाला काही वाटलं नाही. क्रूझवाल्यांचा माल या कंपनीच्या गोदामांतून जायचा, त्यांनी एक केबिन भेट दिली होती आणि ती कुणाला तरी देऊन फोटो काढायचे होते.

हे मला ठाऊक आहे, कारण तिकिटं काढायचं काम आमच्याकडे आलं होतं.

मी तेव्हा नुकती विशी ओलांडलेली होते. दुबईत करामाला ताई-भावोजींच्या घरी राहायचे आणि दोन गल्ल्या पलीकडच्या ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी करायचे. इचलकरंजीला आमच्या घरी वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये. पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे, मी अक्षरं जुळवायला त्यांच्यावरच शिकले. त्या पत्रकांची एक शिस्त होती, कुणी काय केलं ते सरळ लिहायचं. मालकाने बोनस कापला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दुबईत माझ्या टेबलावर आली ती पत्रकं गुळगुळीत कागदाची होती आणि त्यांत सगळं आपोआप घडायचं. डोंगर कोरले गेले. द्राक्षं खुडली जातात. वाइन पिंपांत भरली जाते. भिंतीसारख्या उभ्या उतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांचे मळे उभे राहिले, पण ते दगड कुणाच्या पाठीवरून गेले याचा पत्ता नाही. मी हे बोलून दाखवलं की आमचा ऑफिस मॅनेजर हात जोडायचा. “मॅडम, यल्ला, पहले बुकिंग करो. इन्किलाब लंच के बाद.”

बक्षीसवाले गृहस्थ एका शुक्रवारी संध्याकाळी स्वतःच ऑफिसात आले. जबल अलीच्या कामगार कॅम्पातून सुट्टीच्या दिवशी कंपनीची बस गावात सोडायची, तिने आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्याबरोबरचे लोक त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले.

“हितं मराठी कोन बोलतं?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“मी बोलते.”

“कोकनातली?”

“नाही. इचलकरंजीची.”

“चालंल,” ते म्हणाले. इलाजच नाही, अशा सुरात. मग खुर्ची ओढून बसले आणि बक्षिसाचं रंगीत माहितीपत्रक माझ्यापुढे पसरलं. “बाय, हे मला मराठीत वाचून दे. नुसतं वाचून नको, कॅसेटवर वाचून दे.”

कॅसेट म्हणजे काय ते मला भावोजींच्या सोसायटीत कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही तिथे फोन करणारी माणसं. कॅम्पातली माणसं अजून कॅसेटी भरायची. फोनवर बोलायला लागलं की पैसे पळत, आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस ऐकत असे. म्हणून छोट्या टेपरेकॉर्डरवर आठवड्याभराचं बोलणं भरायचं आणि गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचं. तिकडून उत्तराची कॅसेट यायची, बहुतेक सुक्या मासळीच्या पिशवीत. चाचांच्या घरच्यांनी, म्हणजे चाचींनी, त्यांना पत्र असं कधी लिहिलंच नव्हतं. त्यांचा सगळा संसार या कॅसेटींवर होता.

आमच्या ऑफिसात मागे झेरॉक्सची खोली होती. मी एसी बंद केला, कारण त्याची घरघर टेपवर यायची, आणि आम्ही दोघं घाम पुसत बसलो. चाचांनी बटण दाबलं, घसा खाकरला आणि एकदम मोठ्या आवाजात म्हणाले, “अस्सलाम आलेकुम. मी बरा हाय. ही एक पोरगी हाय, ती आता तुला आपल्या बोटीचं सांगंल.”

आपल्या बोटीचं.

मी वाचू लागले. पोर्तो नावाच्या शहरातून बोट निघते. समुद्राकडे पाठ करून नदीत वर वर जाते. पूर्वी या नदीला धोंडे आणि भोवरे होते, सपाट बुडाच्या होड्यांतून वाइनची पिंपं खाली आणताना माणसं बुडून मरत. आता धरणं बांधली आहेत. धरणापाशी बोट एका खोल दगडी हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, हौदात पाणी भरतं आणि बोट प्रवाशांसकट उंच उचलली जाते.

“थांब थांब,” चाचांनी टेप थांबवला. “मानसं मरत, ते कशाला सांगितलंस? ती घाबरंल.”

“खरं आहे म्हणून सांगितलं.”

“खरं असंल. पन ती आधीच म्हनते, होडीत मला मळमळतं.” त्यांनी टेप मागे घेतला. “पुन्हा सांग. मेलेली मानसं काढून टाक.”

मी काढून टाकली. मग केबिनचा भाग आला. दोन पलंग, जोडता येतील असे. काचेची मोठी खिडकी, पलंगावर पडल्या पडल्या नदी दिसेल अशी. आत न्हाणीघर. दाराला आतून कडी.

“कडीचं लिवलंय त्यात?” चाचांनी विचारलं.

“नाही. मी घातलं.”

ते काही बोलले नाहीत. टेप चालूच होता. तो शांततेचा तुकडाही चाचींपर्यंत गेला असणार.

त्यांचं घर मी पुढे त्यांच्या बोलण्यातून पुरतं ओळखू लागले. तीन भावांचं एकत्र. चाचा दुबईला आले ते लग्नानंतर वर्षभरात. पगार इतका कधी झालाच नाही की बायकोला फॅमिली व्हिसावर आणता यावं. त्याला सरकारने ठरवलेला पगार लागतो. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा. त्या दोन महिन्यांत दुबईहून आलेल्या माणसाला भेटायला अख्खी वाडी येते. कुणाचं पार्सल, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न चाचांची रजा पाहूनच ठरवलेलं. माळ्यावरची जी खोली त्यांची म्हणायची, तिच्यात एरवी पुतण्या झोपायच्या. त्या तेवढ्यापुरत्या खाली जायच्या, पण कपाट तिथेच, त्यामुळे दार उघडंच.

“आमी दोगं एका ताटात जेवलो, आसं दोनदा झालं आसंल,” ते एकदा म्हणाले. “एकदा लग्नात. एकदा तिला टायफाइड झाला तवा.”

तर गोष्ट नदीची किंवा वाइनची नव्हती. एका दारामागे आठवडाभर दोघं, एवढंच होतं. ते मिळतं की नाही, यापलीकडे मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

चाचींचं उत्तर महिन्याने आलं. चाचा कॅसेट घेऊन थेट ऑफिसात आले. त्यांनी ती आधी ऐकली होती, तरी मला ऐकवायची होती. पातळ, घाईचा आवाज होता. मागे कोंबड्या.

“त्या पोरीला सांगा, मला समदं समजलं. ती लय भराभर बोलते. तिकडं थंडी हाय म्हनतात, मी स्वेटर घेतलं हाय, निळं. धाकटी जाऊ हसली. म्हनली, मे महिन्यात स्वेटर घालून बघतेस? मी घालून बघितलं. आनि खोलीत दोगंच म्हनता, तर घरात काय सांगू? मी सांगितलं, बायकांची खोली वेगळी आसते. अल्ला माफ करंल. आनि ती बोट वर उचलते तवा मी तुमचा हात धरनार, लोकं बघू देत.”

चाचा टेबलाकडे बघत होते. कान लाल झाले होते.

“काय बाई हाय,” ते म्हणाले.

कॅम्पात त्यांची मजा उडवणं सुरू झालं होतं. “चाचा, हबीबी, एक बाटली लाना हमारे वास्ते!” असं कुणीतरी रोज ओरडायचं. चाचांचं उत्तर ठरलेलं. “द्राक्षं खानार मी. द्राक्षाला कोन हराम म्हनतो? तू म्हनतोस?” पोर्तुगाल लंडनपासून तासाभरावर आहे असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी नकाशा दाखवून खोडून काढलं, तर रागावले. “तुला विचारलं का?”

कागदपत्रांसाठी मला एकदा जबल अलीला त्यांच्या कंपनीत जावं लागलं. त्या रस्त्यावर तेव्हा मरीनाचं खोदकाम चालू होतं. वाळवंट कापून समुद्र आत आणायचा आणि त्याच्या काठाला इमारती उभ्या करायच्या. बसच्या खिडकीतून खड्ड्यात उतरलेली माणसं दिसायची, डोक्याला गमछे बांधलेली, इतकी खाली की हातातली फावडी दिसत नव्हती. माझ्या पर्समध्ये दोरूचं माहितीपत्रक होतं. मरीनाचंही लवकरच निघणार, त्यात लिहिणार की इथे एक सुंदर जलमार्ग निर्माण झाला. निर्माण झाला. मला इतका संताप आला की मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. संतापाने दुसरं काय करता येतं, ते मला तिथे कधी सापडलं नाही.

चाचांचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. तिकडे सगळ्यांचेच पासपोर्ट तिजोरीत असत आणि याला कुणी ‘जप्त केला’ म्हणत नसे, ‘जमा आहे’ म्हणत. तो काढून देणारे एचआरचे साहेब पुण्याचे निघाले. दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरतीत पुढे उभे राहणारे, भावोजींच्या ओळखीचे. त्यांनी मला चहा मागवला.

“अगं, तू आपल्यातली! मग काळजीच नाही,” ते म्हणाले. “चाचा म्हणजे आमचा हिरा. त्यांचा व्हिसा होईल बघ, इन्शाल्ला.”

त्यांचा झाला. चाचींचा झाला नाही.

चाची भावाला घेऊन पोर्तुगालच्या व्हिसासाठी रत्नागिरीहून मुंबईला गेल्या होत्या. मुंबईतल्या ज्या एजंटाकडे आम्ही काम दिलं होतं, त्याने मला फोनवर समजावून सांगितलं. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला कंटाळा आला होता इतकंच. म्हणाला, “मॅडम, नवऱ्याला नोकरी आहे, तो परत येणार. बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, मूलबाळ नाही, नोकरी नाही. नवरा तर तिच्याबरोबरच चाललाय. मग ती परत कुणासाठी येणार? नवरा मागे राहिला असता, तर कदाचित झालं असतं. एकाने मागे राहायला लागतं.”

एकाने मागे राहायला लागतं. दुबईत हा नियम पगाराच्या आकड्याने सांगतात, मुंबईत व्हिसाच्या खिडकीतून सांगितला. इतकी वर्षं दोघांना वेगळं ठेवलं, आणि ती वेगळी राहतात हाच त्यांच्या सचोटीचा पुरावा. मी फोन ठेवला आणि ऑफिसात मोठ्याने बोलले. मॅनेजरने या वेळी लंचचा विनोद केला नाही.

पुन्हा अर्ज करायला वेळ नव्हता. बोट सप्टेंबरात निघायची, द्राक्षं खुडण्याच्या हंगामात. मग मला एक उपाय सुचला आणि तो इतका साधा होता की मी आनंदाने पुणेकर साहेबांना फोन केला. क्रूझ राहू दे. त्याऐवजी कंपनीने चाचींना आठवड्याचा व्हिजिट व्हिसा द्यावा आणि दुबईतच एखाद्या साध्या हॉटेलात दोघांना एक खोली. क्रूझवाल्यांची केबिन त्यांना परत. कंपनीला विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडेल. मी दिरहॅममध्ये सांगितलं, मग त्यांच्यासाठी रुपयांत.

“आयडिया चांगली आहे गं,” साहेब म्हणाले. “पण बक्षीस असं बदलता येत नाही. स्पॉन्सर क्रूझवाले आहेत. त्यांना बोटीवरचे फोटो हवेत. हेड ऑफिसला काय कळवू, की आमच्या माणसाला बायको हवी होती?” ते हसले. वाईट हसले नाहीत, घरातल्यासारखे हसले.

“मग दुसरी जागा?”

“ती वाया कशी जाऊ द्यायची? जनरल मॅनेजर म्हणाले, तूच जा. चाचांना इंग्लिशचा प्रॉब्लेम येईल, सोबत कुणीतरी पाहिजे. तेवढं माझं नाव टाक ना. पासपोर्टची कॉपी पाठवतो.”

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ‘लाज’ हा शब्द होता. त्या संध्याकाळी भावोजींना साहेबांचा फोन आला, अगदी गोड. मेव्हणी हुशार आहे तुमची, जरा गरम आहे. भावोजींची फर्म त्याच कंपनीला रॅक पुरवायची. ते मला रागावले नाहीत. टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, “तू भांडून काय होणार आहे? झालं तर माझंच होईल.” भाचीने गृहपाठातून मान वर करून विचारलं, “व्हाय इज मावशी क्रायिंग?” मी रडत नव्हते. मला अजूनही वाटतं, मी रडत नव्हते.

माझ्यापाशी एकच गोष्ट उरली होती. पुढच्या शुक्रवारी मी चाचांना म्हटलं, “तुम्ही नको म्हणा.”

“कशाला?”

“बक्षिसाला. बायकोशिवाय जाणार नाही म्हणा. तुमचा हक्क आहे. पत्रात दोघांसाठी लिहिलंय, आणि दुसरं कोण ते तुम्ही ठरवायचं. मी इंग्लिशमध्ये लिहून देते.”

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाय, तुझे बाबा काय करतात?”

“युनियनमध्ये आहेत.”

“दिसतं.” ते खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवत राहिले. “मी नको म्हनलो तर साहेब काय म्हनतील? चाचाला मस्ती आली. माझे दोन पुतने हायत या कंपनीत, माझ्या शब्दावर लागलेत. एकाचा व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यूला हाय. कोन पाठवनार तो कागद? हेच साहेब.”

“म्हणजे तुम्ही जाणार.”

“जानार. हसत जानार. फोटोत हसायला सांगितलंय.”

“आणि चाचींना?”

“तिला सांगितलं बोट रद्द झाली.” ते उठले. “कॅसेटवर नाय, फोनवर सांगितलं. कॅसेटवर ती पुन्हा पुन्हा ऐकत बसंल.”

मी त्यांच्यावर चिडले होते, हे लपवत नाही. आमच्या घरच्या पत्रकांत अशा माणसासाठी एक शब्द होता आणि तो माझ्या जिभेवर आला होता. आज तो शब्द मी कुणालाच लावणार नाही, पण त्याच्या जागी कुठला लावायचा तेही मला ठाऊक नाही.

दुसऱ्या जागेवर साहेबांचं नाव मीच टाकलं. नोकरी होती.

ते परतल्यावर आठवड्याने चाचा आले. चेहरा उन्हाने आणखी रापला होता. मी विचारलं, कशी होती नदी.

“हिरवी,” ते म्हणाले. मग बोलले, तुकड्यातुकड्याने. डोंगर खरंच पायऱ्यांचे होते, वरपर्यंत. बायाबापये ओळीने बसून द्राक्षं कापत होते, टोपल्या खांद्यावरून उतरवत होते. बोट जवळून गेली की वर बघत. बोटीतले लोक हात करत. चाचांनी पण केला, मग त्यांना कसंसं झालं, कारण टोपलीवाल्याचे हात मोकळे नव्हते. जेवणाला मासे असत, ते बरे होते. फोटोसाठी साहेबांनी हातात ग्लास धरायला लावला. “मी म्हनलं नको. म्हनले, आरे, रिकामा हाय, नुसता धर. धरला.”

“आणि तो हौद? बोट वर जाते तो?”

“हां. लय खोल. आत शिरलो की चारी बाजूला ओली भिंत. वर पट्टीएवढं आभाळ. मग पानी येतं, काय आवाज नाय, धक्का नाय, आपन वर चाललोय हे भिंतीकडं बघून कळतं. समदे जोडीनं उभे होते डेकवर. साहेब खाली झोपले होते. घोरतात लय.” ते थोडं हसले. “केबिनला आतून कडी होती, बाय. तू म्हनाली होतीस तशी. साहेब रोज लावायचे. म्हनायचे, परदेश हाय, काय भरवसा.”

यानंतर ते बरेच महिने आले नाहीत. कंपनीच्या मासिकात फोटो छापून आला. नदी, डोंगर, दोघे डेकवर, दोघेही हसत. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की मेहनतीचं चीज होतं.

मार्चात चाचा आपल्या नेहमीच्या रजेचं तिकीट काढायला आले. मी दुबई ते मुंबई तारखा बघू लागले. जायची त्यांनी सांगितली. परतीची मी आपणहून दोन महिन्यांनंतरची धरली, त्यांची रजा तेवढीच असायची.

“आठवडा आलीकडची घे,” ते म्हणाले.

“का? काम आहे?”

“नाय. रजा तेवढीच उरली. एक आठवडा पोर्तुगालात गेला ना.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. कंपनीने बक्षिसाचा आठवडा त्यांच्या रजेतून कापला होता. साहेबांचा कापला नव्हता. साहेब कामावर होते, चाचांना सोबत म्हणून.

“हे बेकायदेशीर आहे,” मी उभी राहिले. “मी आत्ता लिहून देते. लेबर ऑफिसला द्यायचं. कुणी कापला, कधी कापला, नावानिशी.”

“लिही,” चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “लिहून ठेव. पन आधी तिकीट काढ, बाय. शाळांच्या सुट्ट्या, लग्नं, समदं एकदम आलंय. सीटा जातील.”

मी बसले. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

“चाचींना सांगितलंत?”

“सांगितलं. बोट रद्द झाली नव्हती, तेबी सांगावं लागलं. नायतर आठवडा कुठं गेला म्हनून विचारनारच.”

“काय म्हणाल्या?”

“आधी फोनमधी नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग म्हनली, पुढच्या खेपंला एवढं चांगलं काम करू नका.”

असं सांगून चाचा हसले, खरंच हसले, खिशातली पेनं हलेपर्यंत. मी परतीची तारीख आठवडाभर अलीकडे घेतली. मशीनने विचारलं, पक्कं करायचं का. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि मी पक्कं केलं.